एका झाडामागे चारशे लिटर

खुल्या खाणीतून कोळसा निघायच्या आधी जे काही निघतं, त्याला कागदावर ओव्हरबर्डन म्हणतात आणि खाणीवर नुसतं ‘ओबी’. वालुकाश्म, शेल, चिकणमाती, मुरूम आणि सगळ्यात वरची, कधीकाळी कापूस पिकवणारी काळी माती. वर्धा खोऱ्यात, म्हणजे वरोरा, घुग्गुस, वणी, राजुरा या पट्ट्यात, ओबीचे डोंगर आता कुणाला वेगळे वाटत नाहीत. रेल्वेतून जाणारा परका माणूस त्यांना टेकड्याच समजतो. सपाट माथा आणि बाजूच्या पायऱ्या नीट पाहिल्या की डोझरचा हात ओळखू येतो.

मी माती आणि पाण्याचं मोजमाप करणारी. अशाच एका बंद पडलेल्या खाणीवर काही वर्षं काम केलं. मला विचारलेला प्रश्न सरळ होता. या ओबीच्या डंपवरून, म्हणजे ढिगावरून, आणि शेजारच्या पाणी भरलेल्या खड्ड्यातून वर्षाला किती पाणी हवेत जातं ते सांगा. मग वर मातीचा थर किती टाकायचा, झाडं कुठली आणि किती लावायची, खड्ड्याचं काय करायचं, हे ठरवू. कोळसा मंत्रालयाने २००९ साली खाण बंद करण्याच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये या हिशेबाने रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला ठेवायचं ठरलं. पैशाची तरतूद झाली म्हणून अशा प्रश्नांना गिऱ्हाईक मिळालं. नाहीतर बाष्पीभवन मोजायला पगार कोण देतो?

नागपूर-चंद्रपूरकडच्या माणसाला बाष्पीभवन शिकवावं लागत नाही. मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर असतो, कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते, आणि सकाळी वाळत घातलेला लुगड्याचा पदर दुसरं टोक पिळेपर्यंत सुकतो. पण अंदाज वेगळा आणि आकडा वेगळा. आकड्यासाठी पहिलं साधन म्हणजे पॅन. हवामान विभागाच्या पद्धतीचं हे गोल पात्र १.२२ मीटर व्यासाचं आणि २५.५ सेंटिमीटर खोल असतं. लाकडी चौकटीवर ठेवायचं, वर जाळी घालायची, आणि रोज ठरल्या वेळी पाणी किती खाली गेलं ते आत बसवलेल्या टोकदार खुणेवरून बघून तेवढं मापाने परत भरायचं. मूळ पद्धतीत पात्र तांब्याचं. बंद खाणीवर तांब्याचं पात्र उघड्यावर ठेवणं म्हणजे भंगारवाल्याला अक्षता पाठवणं. आम्ही गॅल्वनाइज्ड पत्र्याचं बनवून पांढरं रंगवलं.

जाळी का, असं मला एका तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं. त्या वेळी डंपच्या पायथ्याशी दोन माकडं बसलेली होती, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. एप्रिल-मेमध्ये आसपास सहज तोंड लावता येईल असं स्वच्छ पाणी तेवढंच असतं. कावळे, माकडं, चुकार शेळ्या, सगळ्यांची वर्दळ. जाळीमुळे बाष्पीभवन थोडं कमी होतं आणि ती घट हिशेबात धरावी लागते, पण शेळीने प्यायलेलं पाणी कुठल्याच सूत्रात बसत नाही.

पॅनच्या नोंदी गावातले एक काका घ्यायचे. पूर्वी ते खाणीवर पंप ऑपरेटर होते, त्यामुळे पाण्याची पातळी वाचायची सवय हाडात. मे महिन्यात रोज बारा, कधी त्याहून जास्त मिलिमीटर. डिसेंबर-जानेवारीत तीन ते चार. वर्षाची बेरीज दोन हजारांच्या वर. पाऊस साधारण बाराशे मिलिमीटर, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. काकांनी पहिल्या वर्षाची बेरीज केली आणि म्हणाले, “मॅडम, पडते त्याच्याहून जास्त तं उडूनच चाल्लं न जी. मंग इथं काही उगते कसं?”

सगळं काम या प्रश्नावर उभं आहे. पॅनमधलं पाणी कधी संपत नाही, कारण काका रोज ते भरतात. हवेला जेवढं हवं तेवढं तिला मिळतं. म्हणून पॅन सांगतो ती हवेची मागणी. डंपकडे द्यायला काय शिल्लक आहे, हे त्याला ठाऊक नसतं. ढिगाऱ्यातलं पाणी संपलं की हवा कितीही तापो, उडायला काही उरत नाही. तेव्हा मागणी एकीकडे मोजायची, शिल्लक दुसरीकडे मोजायची, आणि दोन्हींतली जी कमी तीच खरी वजावट, असं रोज करत जायचं.

मागणी मोजण्याची रीत बरीच जुनी आणि चांगली आहे. इंग्लंडमधल्या रॉदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ साली सूर्याची उष्णता, वारा, तापमान आणि हवेतली आर्द्रता यांवरून बाष्पीभवन काढण्याचं सूत्र मांडलं. त्यांनी तीन गोष्टी शेजारी शेजारी तपासल्या होत्या: उघडं पाणी, उघडी माती आणि गवत. माझ्यापुढेही तीनच होत्या, खड्डा, डंप आणि डंपवर जे काही उगवेल ते. पुढे मॉंटीथ यांनी त्या सूत्रात झाडाच्या पानांचा अडथळा आणला आणि १९९८ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने त्याचं एक प्रमाणरूप ठरवून दिलं. त्यात बारा सेंटिमीटर उंचीचं, हिरवंगार, पाण्याची कसलीही वाण नसलेलं गवत गृहीत धरतात. मे महिन्यात घुग्गुसच्या आसपास असं गवत दाखवणाऱ्याला मी माझा महिन्याचा पगार द्यायला तयार होते. तरी सूत्र उपयोगी आहे, कारण ते मागणीचं माप आहे आणि तसं वापरलं की फसवत नाही.

शिल्लक मोजणं जास्त कष्टाचं. चांगल्या प्रयोगशाळेत लायसिमीटर असतो, म्हणजे जमिनीत पुरलेल्या भल्यामोठ्या मातीच्या पेटीखाली काटा. आमच्याकडे जाड प्लास्टिकच्या बादल्या होत्या, तोंड तीस सेंटिमीटर व्यासाचं. अशा बादलीतून एक मिलिमीटर पाणी उडालं की वजन सुमारे ७१ ग्रॅमनी घटतं. धान्याच्या दुकानातला साठ किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा दहा ग्रॅमपर्यंत दाखवतो, तेव्हा तो पुरला. बादल्या डंपच्या माथ्यावर कडेपर्यंत पुरायच्या, तळाला तोटी बसवून पावसाळ्यात झिरपलेलं पाणी बाटलीत धरायचं, आणि सकाळी दोघांनी सळईला अडकवून बादली उचलून काट्यावर आणायची. भरलेली बादली चाळीस किलोच्या घरात जाते. वारा सुटला की काट्यावरचे आकडे नाचतात, म्हणून ताडपत्रीचा आडोसा करून वजन घ्यायचो. उन्हं चढायच्या आत सगळं उरकावं लागे. दुपारी बारानंतर त्या काळ्या शेलच्या भुकटीवर चप्पल टेकवत नाही.

काही बादल्यांत नुसती काळी माती होती. काहींत डंपचा माल जसाच्या तसा, गोट्यांसकट. काहींत काळी माती आणि तिच्यावर गवत. आणखी काहींत काळी माती आणि वर भरड मुरमाचा हाताच्या रुंदीएवढा थर. हा शेवटचा प्रकार आम्ही जवळजवळ हौसेने घातला, कारण काकांच्या शेतातल्या बांधाजवळ दगड उलटला की खाली ओल सापडते, हे त्यांनी दाखवलं होतं.

परतीचा पाऊस थांबला की खरी गंमत सुरू होते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्या उघड्या बादल्या जवळपास सारख्याच उतरतात. वरची माती ओली असेपर्यंत हवेचीच सत्ता चालते. त्यानंतर फाटे फुटतात. गोट्यांच्या आणि मुरमाच्या थराखालची बादली आठवड्याच्या आत दिवसाला एक मिलिमीटरच्या खाली येते आणि तिथेच रेंगाळते. भरड थरातल्या पोकळ्या मोठ्या असतात, केशाकर्षणाने पाणी त्यातून वर चढू शकत नाही. वाफेच्या रूपानेच त्याला वाट काढावी लागते, आणि ती वाट फार संथ. काळी माती मात्र देत राहते. बारीक कणांमुळे पाणी खालून वर ओढलं जातं, आणि माती आकसली की भेगा पडतात. भेग पडली म्हणजे उन्हा-वाऱ्याला उघड्या पडणाऱ्या भिंतींची भर पडली. नोव्हेंबर संपता संपता भेगेत हात जाईल एवढी ती रुंदावते.

यात एक मेख आहे. बादलीतली काळी माती आकसते ती कडेपासूनही सुटते, आणि कडेच्या फटीतून जास्तीचं पाणी जातं. म्हणजे बादली काळ्या मातीला जरा बदनाम करते. म्हणून डंपवर ऑगरने, म्हणजे मातीच्या गिरमिटाने, वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने काढून, १०५ अंशांवर ओव्हनमध्ये चोवीस तास वाळवून ओल तपासली. गोटे असलेल्या मालात हेही जिकिरीचं असतं. एक मोठा दगड नमुन्यात आला की टक्केवारी कोसळते, त्यामुळे दगड वेगळे चाळून, त्यांचं वजन वेगळं धरून हिशेब करावा लागतो. पण चित्र तेच राहिलं. उघड्या काळ्या मातीखाली डिसेंबरात जी ओल होती, तिच्यापेक्षा मुरमाखालची ओल ठळकपणे जास्त होती.

हे ऐकून खाणीवर कुणाला आनंद झाला नाही. काळी माती ही इथल्या माणसाच्या मनातली संपत्ती आहे, आणि ती वेगळी काढून, साठवून, परत पसरायची ही पर्यावरण मंजुरीतली अट आहे. अट बरोबरच आहे, तिला माझा विरोध नव्हता. माझं म्हणणं एवढंच होतं की काळी माती पसरा आणि वर मुरमाचा, फुटक्या वालुकाश्माचा थर द्या. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, “तपासणीत फोटो काढतात, मॅडम. काळी माती दिसली पायजे. वर गोटे दिसले तं माती टाकलीच नाही म्हणतील.” त्याच्या जागी तो बरोबर होता. तपासणीचा कॅमेरा वरचे दोन सेंटिमीटर बघतो आणि झाडाचं मूळ खालचे साठ.

शेवटी एका बेंचवर, म्हणजे डंपच्या एका पायरीवर, आम्हाला हवं तसं करू दिलं. तिथल्या मुरमात स्टायलोचं आणि मारवेल गवताचं बी चांगलं धरलं, शिवाय पहिल्याच जोराच्या पावसात शेजारच्या बेंचवर जशा घळी पडल्या तशा इथे पडल्या नाहीत. त्यानंतर विरोध जरा मवाळ झाला.

आता तो मुख्य हिशेब, ज्यासाठी हे सगळं. साठ सेंटिमीटर काळी माती पावसाळ्याच्या शेवटी झाडाला उपसता येईल असं सुमारे शंभर मिलिमीटर पाणी धरते. खालचा भरड माल त्याच्या निम्म्यानेही धरत नाही आणि तरुण झाडाची मुळं त्यात फारशी उतरतही नाहीत. शंभर मिलिमीटर म्हणजे हेक्टरी दहा लाख लिटर. आकडा ऐकून छाती फुगते. पण डंपवर दोन-दोन मीटरवर, हेक्टरी अडीच हजार रोपं लावायची पद्धत आहे. भागाकार करा: एका झाडामागे चारशे लिटर. ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत अडीचशे दिवस. म्हणजे दिवसाला दीड लिटरच्या आसपास, आणि उघड्या मातीतून जे उडतं ते याच्यातूनच वजा व्हायचं. याच अडीचशे दिवसांत हवेची मागणी आहे हजार-बाराशे मिलिमीटर, म्हणजे साठ्याच्या दहापटीहून जास्त.

कंबरेएवढ्या रोपाला दिवसाला लिटरभर पाणी पुरतं. त्यामुळे पहिली तीन वर्षं डंप हिरवागार दिसतो, जगण्याची टक्केवारी उत्तम येते, आणि झाडं जगली की नाही हे मोजून कंत्राटदाराचं बिल निघतं तेही बहुधा याच वर्षांत. पाच-सहा वर्षांनी झाडाचा डेरा पसरतो, पानं वाढतात, आणि वाट्याला पाणी तेवढंच. मग शेंडे वाळायला लागतात. मी पूर्वी पाहिलेल्या कितीतरी जुन्या डंपांवर हेच होतं, दाट, एका वयाची, वरून वाळलेली सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ. लोक रोगाला नाहीतर वणव्याला दोष देतात. हिशेब लावणीच्या दिवशीच चुकलेला असतो.

यावर दोन उपाय आणि दोन्ही साधे. पहिला, झाडं कमी लावा. तीन-तीन मीटरवर लावली की हेक्टरी अकराशे होतात आणि एकेकाचा वाटा नऊशे लिटरवर जातो. दुसरा उपाय इथल्या रानाने हजारो वर्षांपूर्वी शोधलेला आहे. साग, मोह, पळस, धावडा ही झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतात. हवेची मागणी शिखराकडे निघते नेमकं तेव्हाच ती आपला खर्च थांबवतात. पान नाही तर पानातून जाणारं पाणी नाही. माझ्या मॉडेलमध्ये, म्हणजे त्या रोजच्या वजावटीच्या हिशेबात, मी एका वहीत सदाहरित झाड आणि एका वहीत पानगळीचं झाड घालून पाहिलं. सदाहरित झाडाची शिल्लक मार्च उजाडण्याआधी शून्यावर आली, पानगळीचं झाड रडतखडत पावसाळ्यापर्यंत पोहोचलं.

रोपवाटिकेत मात्र साग सोडला तर यांतलं फारसं काही तयार नसतं. सुबाभूळ, करंज, सिसम, बांबू भरपूर. मोहाचं बी फार दिवस टिकत नाही, पडल्यावर लगेच पेरावं लागतं, आणि निविदा निघतात त्या वेगळ्याच महिन्यात. गावातल्या बायकांनी टोपल्या भरून मोहाचं बी, म्हणजे टोई, आणून दिली आणि थेट बेंचवर टोबली. उंदीर-घुशींनी निम्मी नेली. उरली ती वाढली, आणि पिशवीतल्या रोपांपेक्षा तिचं सोटमूळ सरळ खाली गेलं होतं. पिशवीच्या तळाशी वेटोळं झालेलं मूळ डंपवर कधी सरळ होत नाही.

मातीत जीव आणण्याचं काम आमच्या आधी आणि आमच्याहून चांगलं नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने केलेलं आहे. गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातला प्रेसमड, नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांशी राहणारी बुरशी वापरून त्यांनी झाडं उभी केली. सेंद्रिय माल पडला की ढिगारा पाणीही जास्त धरतो, म्हणजे शंभरचे सव्वाशे होऊ शकतात. मातीच्या जाडीबद्दल मला सर्वांत उपयोग झाला तो कॅनडातल्या अल्बर्टाच्या तेलवाळूच्या खाणीवरच्या प्रयोगाचा. तिथे १९९९ साली एका ओबीच्या टेकाडावर ३५, ५० आणि १०० सेंटिमीटर जाडीचे थर शेजारी शेजारी घालून वर्षानुवर्षं पाणी मोजलं गेलं. हवा आपल्या अगदी उलटी, प्रश्न तोच: कोरड्या दिवसांत झाडाला पुरेल एवढं पाणी किती मातीत मावतं. आमच्याकडे शंभर सेंटिमीटरला पुरेल एवढी काळी माती साठवलेलीच नव्हती, म्हणून ईशान्येकडच्या उतारावर साठ आणि नैर्ऋत्येकडे तीसच. नैर्ऋत्य उतारावर दुपारचं ऊन सरळ पडतं, तिथे झाडांचा हट्ट सोडून गवत आणि झुडपंच ठेवली.

राहिला खड्डा. वीसेक हेक्टरचं पाणी, खोली ठिकठिकाणी तीस मीटरपर्यंत. गावकऱ्यांना वाटायचं की हे पाणी एप्रिलपर्यंत आटणार. त्याला कारण होतं त्यांच्या ओळखीचे तलाव. काकांची सासुरवाडी सिंदेवाहीकडची. तिकडचे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, उथळ आणि पसरट. पाणी एक मीटर उतरलं की काठ शंभर पावलं मागे सरतो आणि मे महिन्यात तळाशी चिखल. खाणीच्या खड्ड्याच्या भिंती उभ्या. पॅनच्या आकड्याला ०.७ ने गुणलं तर वर्षाला सुमारे दीड मीटर पाणी जातं. तीस मीटरमधून दीड मीटर गेलं तरी डोळ्याला ते जाणवतही नाही. तराफ्यावर थर्मामीटर सोडून पाहिलं तेव्हा आणखी एक दिसलं. खोल पाणी उन्हाळ्यात उष्णता पोटात घेतं आणि हिवाळ्याच्या तोंडाशी परत देतं, त्यामुळे पॅन नोव्हेंबरात मंदावला तरी खड्डा बाष्प सोडत राहतो. शिवाय उंच भिंतींमुळे सकाळी उशिरापर्यंत सावली आणि वारा कमी. महिनावार हिशेबात पॅनवर डोळे मिटून विसंबता येत नाही.

मात्र खड्डा आटत नाही म्हणजे तोटा नाही, असं नव्हे. वीस हेक्टरवरून दीड मीटर म्हणजे वर्षाला तीस कोटी लिटर. खाणीआधी हे पाणी जमिनीखाली होतं, वर मातीचं झाकण होतं, आणि सूर्याचा हात तिथवर पोहोचत नव्हता. आता भूजल उघड्यावर आलेलं आहे. वरून पडणारा पाऊस यातला मोठा भाग भरून काढतो, पण तो चार महिन्यांत. बाकी आठ महिन्यांची तूट आजूबाजूच्या थरांतून आणि म्हणून काही प्रमाणात शेजारच्या विहिरींतून ओढली जाते. खोली कितीही असली तरी बाष्पीभवन पृष्ठभागातून होतं. तेव्हा खड्ड्याचं क्षेत्रफळ कमी करा, कडेचे भाग ओबीने भरून पाण्याच्या वर आणा, मधला खोल भाग ठेवा, ही माझी शिफारस होती.

ग्रामसभेत यावर चांगलीच जुंपली. मासेमारीवाल्यांना उथळ कड हवी होती, कारण मासळीचं खाद्य तिथेच. गुरं असणाऱ्यांना उतार हवा होता, उभ्या भिंतीवरून म्हशी पाण्यात पडतात. कडेच्या शेतकऱ्यांना विहिरींची काळजी. पाण्याखालची उथळ कड बाष्पीभवन कमी करत नाही, हे मला तिथे पाटी घेऊन समजावावं लागलं. भराव पाण्याच्या वर आला तरच क्षेत्र घटतं. तडजोड अशी निघाली की पश्चिमेची बाजू पूर्ण भरायची आणि डंपरच्या जुन्या रस्त्याच्या, म्हणजे हॉल रोडच्या, तोंडाशी एक उतरता काठ म्हशी-मासळीसाठी सोडायचा. दर घनमीटरला माती परत उचलण्याचा खर्च मोठा असतो, त्यामुळे ओबीचा ढीग अगदी लगत होता तेवढीच पश्चिम बाजू भरली गेली. बाकीचा भराव अहवालात आहे. रब्बीसाठी खड्ड्यातून पाणी उपसणारे पंप फेब्रुवारीपर्यंतच चालवायचे असं सभेने ठरवलं, आणि पातळीची खूण वाचायचं काम काकांकडेच दिलं.